नौका मनकर्णा, बंदर अकोला

खुशालराव तायडे यांनी आयुष्यात फक्त एका पत्राचं उत्तर दिलं नव्हतं. बाकी सगळ्यांची दिली होती. लग्नपत्रिका आली की ते पोच लिहीत. विमा कंपनीच्या छापील स्मरणपत्रालाही 'आपले पत्र पावले, आभारी आहे' असं कार्ड जाई. एकदा मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका तायड्यांचं पत्र चुकून त्यांच्याकडे आलं, तर ते नेऊन देताना त्यांनी सोबत चिठ्ठी जोडली होती की पहिल्या दोन ओळी नजरेखालून गेल्या, त्याबद्दल क्षमा असावी.

असा हा माणूस. आणि त्याच्या घरात, मोजणीच्या जुन्या नियमपुस्तकात, आठ महिन्यांपासून एक पत्र बिनउत्तराचं पडून होतं. ते पुस्तक कपाटात होतं आणि कपाटाला दार होतं, तरी जेवताना खुशालरावांची पाठ कधी त्या कपाटाकडे होत नसे.

पत्र कोकणातलं होतं. खुशालरावांची मुलगी दीपमाला समुद्रकाठच्या पालशेडी नावाच्या गावात जिल्हा परिषदेची शिक्षिका होती. वऱ्हाडातल्या पोरींना नोकरी कोकणात लागायची आणि मग त्यांनी बदलीची वाट पाहत मासे खायला शिकायचं, हा सरकारी नियम नाही, पण चालत आलेला आहे. दीपमाला ज्यांच्या घरात भाड्याने राहत होती ते जनार्दन तारी तिथल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. पत्र त्यांचं. अक्षर मोठं, जाड आणि किंचित उजवीकडे झुकलेलं, जणू वाऱ्यात लिहिलेलं.

त्यांनी लिहिलं होतं की समुद्रात वारा मोजायला सरकारने पिवळे तरंगते बोये सोडले आहेत. त्या बोयांवरून रोज वाऱ्याचं पत्रक निघतं आणि ते आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागतं. होड्या सोडायच्या की नाही ते त्यावर ठरतं. पण पत्रकात आमच्या जवळच्या बोयाचा जो अक्षांश-रेखांश छापलाय, तो पोरांनी मोबाइलवर घालून पाहिला, तर बोया आमच्या व्याह्यांच्या आंब्याच्या बागेत निघाला. समुद्रापासून चार कोस आत. 'व्याह्यांना विचारले. ते म्हणाले, बागेत माकडे आहेत, बोया नाही.' गावाचा वारा छापलेल्या ठिकाणावरून काढतात, त्यामुळे पत्रकात पालशेडीच्या नावापुढे जो वारा येतो तो आमचा नव्हे, दुसऱ्या कुणाचा तरी आहे. आमचा वारा कुणाच्या नावावर चढलाय ते कळत नाही. दोन वेळा 'वारा मंद' वाचून गेलो आणि जाळी फाटून परतलो. आता पत्रक फळ्यावरून काढलंय, ते सोबत जोडलंय. मास्तरीणबाई सांगतात की आपण छत्तीस वर्षं जमिनी मोजल्यात आणि आपली हद्द कधी चुकली नाही. आपण हे एकदा तपासून आपल्या सहीने कळवाल का? आपल्या कागदावर आम्ही पुढे अर्ज करू.

'आपली हद्द कधी चुकली नाही.' उत्तर अडकलं होतं ते या वाक्याला.

खुशालराव भूकरमापक होते. शेताच्या चारी बाजूंनी साखळी ओढून, कोपऱ्याला दगड रोवून, नकाशा काढून देणारे. खात्यात त्यांना 'तीनदा' म्हणत, कारण ते प्रत्येक गोष्ट तीनदा तपासत. हे नाव कौतुकाचं आहे असा लोकांचा समज होता. खरं कारण फक्त त्यांना ठाऊक होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, अकोटकडच्या एका शेताच्या नकाशात त्यांनी बारा गुंठे जमीन नाहीशी केली होती. नकाशावर शिक्का बसण्याआधी त्यांचे वरिष्ठ नत्थुजी यांनी ती चूक धरली आणि सगळ्या कचेरीसमोर एवढंच म्हणाले, "खुशाल, टिंबाच्या पलीकडं कोन बसलं हाय ते इचारत जाय." शेतकऱ्याचं काही गेलं नाही. खुशालरावांचं मात्र जे गेलं ते परत आलं नाही. आता ज्याने जमिनीवर बारा गुंठे हरवले, आणि समुद्र तर उभ्या जन्मात पाहिलाच नाही, त्याने समुद्रातल्या जागेवर सही करायची?

त्यांनी उत्तराचे अकरा मसुदे केले. सगळे 'आपले पत्र पावले' इथवर पोचून थांबले.

दिवाळीच्या सुटीत दीपमाला घरी आली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, तारी आजोबा रोज विचारत नाहीत. रोज विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. ते आता विचारतच नाहीत."

ती बसमध्ये बसून गेली आणि मनकर्णाबाई, म्हणजे खुशालरावांच्या पत्नी, तिथे फाटकातच म्हणाल्या, "चार ओळी लिवाले आठ महिने? पोरीनं तुमच्या नावानं छाती फुगवली थितं. फुगलेल्या छातीले टाचनी लावून राह्यले तुमी."

खुशालरावांनी त्याच संध्याकाळी नियमपुस्तक काढलं.

आता मोजणीचा पहिला नियम असा, की आधी अधिकृत अभिलेख मिळवायचा. छापील पत्रकावरून बोया तपासणं म्हणजे लग्नपत्रिकेवरून नवऱ्याचं वय तपासण्यासारखं झालं. मूळ नोंद हवी. दुसरा नियम, लगतच्या चारी बाजूंच्या खातेदारांना नोटीस. खुशालरावांनी वहीत चौकट आखली. पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस समुद्र, दक्षिणेस समुद्र. नोटीस कुणाला काढावी हे न कळल्याने त्या रकान्यात त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं आणि झोपले.

सकाळी शेजारचे किसनराव आले. किसनराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. अकोला ते परतवाडा या मार्गावर सगळी हयात गेल्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आपण निदान खिडकीतून तरी पाहिलंय असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी वही उलटीसुलटी करून पाहिली.

"तुमाले समुद्राचं काय लागते, खुशालराव? आपल्या मोर्णा नदीत पाह्यलं तर पान्यापेक्षा जलकुंभी जास्त." मग थोडं थांबून, सल्ला दिल्याशिवाय चहा उतरत नसल्याने, "देवमनकडं जा. त्याच्याकडं सगळं ऑनलाइन हाय. त्यानं माह्या साडूचं मेलेल्याचं पेन्शन चालू करून देल्लं."

देवमनचं दुकान म्हणजे झेरॉक्स, दाखले, पीकविमा आणि रेल्वेचं तिकीट. वाऱ्याचं पत्रक काढणाऱ्या कार्यालयाची जागा त्याने दोन मिनिटांत शोधून काढली. (कार्यालयाचं नाव इथे सांगत नाही. पुढे जी चूक निघाली ती एका टिंबाएवढी आहे आणि टिंबावरून कुणाची अब्रू काढू नये, हे खुशालरावांइतकं कुणाला कळणार.) बोयांच्या ठिकाणांची प्रमाणित यादी मिळण्याची सोय होती. फक्त अर्ज नौकामालकाने करायचा होता.

"नौका हाय का जी?" देवमनने विचारलं.

खुशालराव म्हणाले, नाही. देवमनने खेदाने मान हलवली आणि त्यांना समजावलं की हा रकाना रिकामा राहिला तर पुढचं पानच उघडत नाही. यंत्राला खरंखोटं कळत नाही, रिकामं कळतं. खुशालराव म्हणाले की मग राहू द्या, खोटी नोंद मी करणार नाही, आणि चश्मा पुसायला लागले. तो पुसून डोळ्यांवर येईपर्यंत देवमनने घरच्या बाईचं नाव काय असं सहज विचारलं होतं. खुशालरावांनी सहज सांगितलं होतं. आणि यंत्रावर हिरवी खूण येऊन अर्ज गेला होता. नौकेचं नाव: मनकर्णा. बंदर: अकोला. खलाशी: चार.

खुशालराव घरी आले ते पोलीस मागे आहेत अशा चालीने. त्यांची शंका तीन आठवडे लवकर होती, इतकंच.

तीन आठवड्यांनी जाड पाकीट आलं. पत्ता होता, 'मा. नौकामालक, नौका मनकर्णा, बंदर अकोला'. पोस्टमनने गल्लीच्या तोंडापासून विचारत विचारत ते आणलं, म्हणजे पाकीट घरी पोचायच्या आधी बातमी बावीस घरांत पोचली होती. पाकिटात प्रमाणित यादी होती. पाच बोये, पाच ठिकाणं, खाली शिक्का. खुशालरावांना ती पाहून क्षणभर फार बरं वाटलं. मग दुसरा कागद निघाला. नौका मनकर्णावर चारही खलाशांसाठी जीवरक्षक जॅकेट आहेत किंवा कसे, याची स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत खातरजमा करण्यात येत आहे. प्रत: संबंधित ठाणे.

पुढच्या आठ दिवसांत खुशालरावांची जी अवस्था झाली तिच्याबद्दल थोडक्यात लिहिणं हेच सभ्यपणाचं. किराणा दुकानदाराने विचारलं, बोट डिझेलवर की पेट्रोलवर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बीपी मोजता मोजता, समुद्रावर मळमळलं तर कुठली गोळी घ्यायची ते सांगितलं. महिला मंडळाने मनकर्णाबाईंना अध्यक्ष करावं का यावर चर्चा केली, कारण जिच्या नावाची बोट आहे अशी दुसरी बाई साऱ्या अकोल्यात नव्हती. किसनरावांनी तर हे प्रकरण हातातच घेतलं. पावसाळ्यात मोर्णेत बोट सोडली तर कोणकोणते थांबे घ्यावे लागतील याची यादी त्यांनी केली आणि पुलाखालचा थांबा विनंती थांबा ठेवावा असं सुचवलं.

नवव्या दिवशी, किसनराव चहाला बसलेले असताना, चौकीतले जमादार आले. सज्जन माणूस. चपला बाहेर काढून आत आले, पाणी प्याले, आणि कागद उघडून म्हणाले, "बोट दाखवा, साहेब."

खुशालरावांनी सगळं खरं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की जमादारांनी दोनदा कान पुढे केला. ऐकून जमादारांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले की बोट नाही असं लिहायला या कागदावर जागा नाही. जॅकेट आहेत किंवा नाहीत एवढंच आहे. त्यांनी फोन लावून विचारलं. तिकडून उत्तर आलं की नोंदलेली नौका रद्द करायची तर ती बुडाल्याचा किंवा मोडीत काढल्याचा पंचनामा जोडावा.

"बुडाली असं लिवू," जमादार म्हणाले. "मोर्णेत. पंच म्हनून हे बसलेच हायेत."

किसनरावांनी पंच व्हायला खिशातून पेनसुद्धा काढलं. खुशालराव खुर्चीतून अर्धे उठले. जी नव्हती ती बुडवायची कशी, असा त्यांचा मुद्दा होता आणि एक खोटी नोंद निस्तरायला दुसरी खोटी नोंद करणं हे मोजणीखात्यात सगळ्यांत मोठं पाप समजतात. पण त्यांनी तोंड उघडण्याआधी स्वयंपाकघराच्या दारातून मनकर्णाबाई बाहेर आल्या.

"खबरदार," त्या शांतपणे म्हणाल्या. "माह्या नावाची बोट कोनी बुडवाची नाई."

त्यावर कायद्यात काही नव्हतं. जमादारांनी 'नौका समक्ष आढळून आली नाही, जॅकेटबाबत सांगता येत नाही' असं लिहिलं, चहा घेतला आणि गेले. नौका मनकर्णा कागदावर तशीच तरंगत राहिली.

एवढी नामुष्की सोसून मिळालेल्या यादीचं काय झालं, तर काहीच नाही. खुशालरावांनी यादी आणि पत्रक शेजारी शेजारी ठेवलं. पत्रकात छापलं होतं, अक्षांश १६ अंश ३० मिनिटं, रेखांश ७३ अंश २८ मिनिटं. शिक्क्याच्या यादीत होतं, १६.३० आणि ७३.२८. जुळत होतं. पाचही बोयांचं जुळत होतं. त्यांनी तीनदा तपासलं, तीनदा बरोबरची खूण केली. मग देवमनच्या मदतीने ती पाच ठिकाणं, पत्रकात होती तशी अंश-मिनिटांत, मोबाइलवर टाकली. पहिला बोया व्याह्यांच्या बागेत. दुसरा एका चिरेखाणीत. बाकी तीन पाण्यात, पण ज्या गावांची नावं त्यांच्यापुढे होती त्यांच्यापासून कुठल्या कुठे.

म्हणजे मूळ नोंद बरोबर, छपाई बरोबर, आणि बोया झाडावर. अशा वेळी दुसऱ्या कुणीही सरकारला दोष दिला असता. खुशालरावांनी मोबाइलला दिला. साखळी तपासल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही, हा तर त्यांचा जुना नेम. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, सोळा आण्यांत विभागलेली; कड्या घासून ती लांबते, म्हणून रोज सकाळी ती आधी मोजायची. मोबाइल कधी कुणी मोजला होता?

म्हणून ते आणि किसनराव एके दिवशी अकोटच्या एसटीत बसले. अकोटच्या अलीकडे एक शेत होतं, त्याच्या दोन कोपऱ्यांतले दगड खुशालरावांनी स्वतः रोवले होते. मधलं अंतर बावीस साखळ्या. हे अंतर त्यांना मुलीच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ होतं, कारण शेत तेच होतं. बारा गुंठ्यांचं.

एका दगडाशी खुशालराव मोबाइल धरून उभे राहिले, दुसऱ्याशी किसनराव. तेवढ्यात बोरीखालून एक म्हातारी काठी टेकत आली. शेताची मालकीण, माणिकबाई. दोन माणसं बांधावर यंत्र घेऊन उभी आहेत याचा अलीकडे एकच अर्थ होतो, त्यामुळे तिने आधी किसनरावांना गाठलं आणि हा रस्ता माझ्या शेतातून गेला तर मी आडवी पडेन हे सविस्तर सांगितलं. किसनराव कंडक्टर होते, त्यांना बायांचं ऐकून घ्यायची सवय होती, पण काठीची नव्हती. खुशालराव धावत आले. म्हातारीने त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"तू तीनदावाला नं? तुह्या दगडापायी चाळीस वर्सात आमच्या बांधावर भांडन नाई झालं, बापा. शेजारचा मरून गेला, पन दगडाले हात नाई लावला त्यानं."

तिला बारा गुंठ्यांचं काही माहीत नव्हतं. खुशालरावांना सांगावंसं वाटलं, पण ते मोबाइल घेऊन आपल्या दगडाशी परत गेले. मोबाइलने बावीस साखळ्यांत दोन पावलांचा फरक दाखवला. म्हणजे मोबाइलही बरोबर. परतीच्या बसमध्ये किसनराव काठीचा वळ दाखवत होते आणि खुशालराव खिडकीबाहेर बघत होते. सगळे बरोबर होते. चूक फक्त एकाचीच राहिली होती आणि ती कुणाची, हे त्यांना नोकरीच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं.

मग एकच दार उरलं. नत्थुजी निवृत्त होईपर्यंत खुशालरावांच्या हातचा प्रत्येक नकाशा 'तपासणार' या रकान्यात त्यांची सही घेऊनच बाहेर पडत असे. ते आता अमरावतीला मुलाकडे असत. वय अठ्ठ्याऐंशी. खुशालरावांनी पाचही बोयांचा तक्ता नव्या कागदावर सुबक आखला, खाली दोन रकाने केले, 'मोजणी करणार' आणि 'तपासणार', आणि सकाळच्या बसने मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती गाठली.

नत्थुजी ओसरीवर उन्हात बसले होते. ऐकू कमी येई, पण नजर अजून साखळीसारखी ताणलेली. त्यांनी दोन्ही कागद नाकाजवळ धरले. एका हातात छापील पत्रक, दुसऱ्यात शिक्क्याची यादी. खुशालराव समोर उभेच होते, बसायचं राहून गेलं होतं.

"इथं अंश अन मिनिटं लिवले हायेत," नत्थुजी म्हणाले. "अन इथं टिंब हाय."

"जी. जुळते दोन्ही. तीनदा पाह्यलं."

"एकराले गुंठे किती, खुशाल?"

"चाळीस."

"अंशाले मिनिटं किती?"

"साठ."

"अन या टिंबाले?"

मग खुशालराव बसले. खुर्ची शोधून बसले नाहीत, जिथे होते तिथे पायरीवर बसले.

कारण जुन्या सातबाऱ्यावर १.२० एकर लिहिलेलं असे, ते म्हणजे एक एकर आणि वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून दीड एकर. कोवळ्या खुशालने ते शाळेच्या गणितासारखं वाचलं होतं, एक आणि दोन दशांश. तिथे बारा गुंठे गेले. आणि इथे कुणीतरी नेमकं उलटं केलं होतं. यादीतलं ७३.२८ हे खरोखरच शाळेच्या गणितासारखं होतं, अंशाचे शंभर भाग करून त्यातले अठ्ठावीस. पत्रक जुळवणाऱ्याने टिंब काढून तिथे 'अंश' लिहिलं आणि पुढे 'मिनिटं'. साठातली अठ्ठावीस. माणिकबाईंचं शेत आक्रसलं होतं, बोया उडून आंब्यावर बसला होता. चूक तीच, फक्त तोंड फिरवून आलेली. जगातला कुणी ती पटकन ओळखू शकत असेल, तर तो ती आधी करून बसलेला माणूस. आणि त्याच माणसाने तीनदा बरोबरची खूण केली होती.

खुशालरावांनी तिथेच पायरीवर गणित मांडलं. अंशाचे पॉइंट अठ्ठावीस म्हणजे सतरा मिनिटांहून किंचित कमी. पॉइंट तीस म्हणजे अठरा मिनिटं. बोया उठला, तीस किलोमीटर खाली आणि बाहेर सरकला आणि समुद्रात पडला. दुसराही खाणीतून निघून पाण्यात. पाचही. आकडे सरळ येत होते.

"साहेब," ते म्हणाले, "माणिकबाईच्या वावराची माझी चूक तुमी पकडली होती. तेच हे."

"कोनती माणिकबाई?" नत्थुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुही चूक मले नाई आठवत. माही आठवते. पातूरची. भर उन्हात उतार्‍यावर नऊचा सहा लिवला म्या, अन तू संध्याकाळी घरी येऊन, दारात उभा राहून, अर्धा तास पाऊसपान्याचं बोलत बसला. मंग हळूच कागद पुढं केला. तवापासून म्या तुह्याशिवाय एक नकाशा सोडला नाई."

खुशालरावांना हे अजिबात आठवत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या एका वाक्याने ते झुकून चालत होते, त्याने ते वाक्य कधीच टाकून दिलं होतं आणि भलतंच काही जपून ठेवलं होतं.

त्यांनी तक्ता पुढे केला. 'तपासणार' या रकान्यावर बोट ठेवलं. नत्थुजींनी कागद परत ढकलला.

"माही सही कायले? हद्द लगतदार सांगते, सायब नाई सांगत. लगतदाराले इचारलं का?"

खुशालराव सांगणार होते की साहेब, चारी बाजूंनी समुद्र आहे, लगतदार कुठून आणू. पण तेवढ्यात त्यांना आठवलं की पत्र त्या समुद्रावर रोज जाणाऱ्या माणसाचंच आहे.

परतीच्या बसमध्ये, बडनेऱ्याच्या पुढे, त्यांनी पिशवीतून नियमपुस्तक काढलं आणि त्यातलं पत्र पुन्हा उघडलं. 'आपली हद्द कधी चुकली नाही' या ओळीवर दर वेळी डोळे अडकत आणि ती बाजू संपताच पत्र मिटलं जाई. आज त्यांनी पान उलटलं. मागे आणखी मजकूर होता. जनार्दन तारींनी लिहिलं होतं, 'खरा बोया आम्ही रोज बघतो. आमच्या देवळाच्या कळसापासून सरळ पश्चिमेला, किनाऱ्यापासून आठ मैलांवर. पूर्वेला आमच्या सोसायटीची जाळी, उत्तरेला बुडता खडक, दक्षिणेला शेजारच्या गावाची जाळी. पश्चिमेला कोणी नाही.'

ही चतुःसीमा होती. भूकरमापकाला हवी असते तशी, एका लगतदाराच्या हातची, पहिल्या दिवसापासून त्यांच्या घरात पडलेली. खुशालरावांनी पिशवीतला कोकणचा नकाशा मांडीवर पसरून पट्टी लावली. बस उसळत होती. गावापासून दुरुस्त केलेल्या ठिकाणापर्यंत सरळ पश्चिम. आठ मैल. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, काका, कुठलं शेत आहे. खुशालराव म्हणाले, "पालशेडीचं. थोडं वल्लं हाय."

किसनरावांना हे नंतर सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. बोये समुद्रात आहेत यावर बसला. खुशालरावांनी परक्या माणसाशी थट्टा केली यावर बसला नाही.

उत्तर त्यांनी घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. 'आपले पत्र पावले' या ओळीनंतर बारावा मसुदा थांबला नाही. त्यात पाचही ठिकाणं होती, चूक कुठे आणि कशी झाली ते होतं, आणि ज्याने केली त्याच्यावर रागावू नये, ती फार सोपी चूक आहे, मी स्वतः ती तरुणपणी केली आहे आणि या कामात तीनदा पुन्हा केली, असंही होतं. 'मोजणी करणार' या रकान्यात त्यांनी सही केली. 'तपासणार' या रकान्यात लिहिलं, 'लगतदार, श्री. जनार्दन तारी, यांच्या सहीसाठी'. उशीर झाल्याची क्षमा मागितली नाही. मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या की आठ महिन्यांची क्षमा मागायला बसलात तर आणखी आठ लागतील.

पोस्टात ते दोघं बरोबर गेले. मनकर्णाबाईंनी चांगलं लुगडं नेसलं होतं, याचं कारण त्यांनी सांगितलं नाही. रस्त्यात किराणा दुकानदाराने हात केला, डॉक्टरांनी दवाखान्यातून मान बाहेर काढली. किसनराव दोन पावलं पुढे चालत गर्दी नसलेल्या रस्त्यातून वाट करून देत होते.

काउंटरवरच्या मुलीने पाकिटाचं वजन केलं, तिकिटं दिली आणि पाकीट परत सरकवलं. मागच्या बाजूला पाठवणाराचा पत्ता राहिला होता. खुशालरावांनी पेन काढलं. आपलं नाव लिहिलं. मग पेन जरा वेळ तसंच हवेत धरून ठेवलं. या माणसाने जन्मात खोटी नोंद केली नव्हती. पण ती नोंद आता रीतसर होती, शिक्क्याची होती, एका जमादाराला समक्ष येऊनही ती खोडता आली नव्हती आणि ती नसती तर हे पाकीटही नसतं. त्यांनी खाली, ठसठशीत अक्षरात लिहिलं: नौका मनकर्णा, बंदर अकोला.

मनकर्णाबाईंनी वाकून वाचलं आणि पदर सारखा केला.

लाल पेटीपाशी खुशालराव सवयीने थांबले. पत्ता एकदा तपासला. दुसऱ्यांदा तपासला. किसनराव खांबाला टेकून तिसऱ्याची वाट बघत उभे राहिले.

खुशालरावांनी पाकीट पेटीत सोडलं.